मालधक्क्यातली पांढरी जागा

मल्हारी खरातच्या कानावर 'साहेब येणार' एवढे दोन शब्द पडले, की त्याचा उजवा हात आपोआप कुंचला धरल्यासारखा वळायचा. नोकरी संपून सात-आठ वर्षं झाली, तरी वळायचा.

वडाळी रोड हे जालना-परतूर लाइनीवरचं लहानसं स्टेशन. तिथं मल्हारीनं खलाशी म्हणून, म्हणजे पडेल ते काम करणारा रेल्वेचा गडी म्हणून, छत्तीस वर्षं काढली. त्याचा बाप मेंढरांमागं जाफराबादपासून पार गोदेपर्यंत फिरला. मल्हारी मात्र एका फलाटाच्या दोन टोकांमध्येच फिरत राहिला. वर्षातून दोन-तीनदा तपासणीची गाडी यायची. आठ दिवस आधी निरोप यायचा आणि स्टेशनात एकच धांदल उडायची. पिंपात कळीचा चुना भिजत पडायचा, त्यात मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ. केकताडाची पानं ठेचून त्यांच्या वाखाचे कुंचले व्हायचे. मग लिंबांच्या बुंध्यांना चुना, फलाटाच्या कडेला चुना, बागेतल्या दगडांना एक गेरू, एक चुना, एक गेरू, एक चुना. साहेब दहा मिनिटं थांबायचा. चहा घ्यायचा, रजिस्टरवर सही करायचा आणि एक शब्द न बोलता डब्यात चढायचा. साहेब गप्प गेला म्हणजे सगळं बराबर होतं, असं समजून सगळे हुश्श करून खाली बसायचे.

त्याची बायको जयवंताबाई तेव्हापासून म्हणत आलेली, "साहेबाच्या वाटंत म्हैस बसली असती, तर ह्यानी तिलाबी पांढरी करून ठिवली असती."

स्टेशनाच्या खालच्या अंगाला निजामाच्या काळातला मालधक्का होता. काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, गाडीच्या उंचीचा ओटा, बैलगाडी आत जाईल एवढे दरवाजे. लहान रूळ उखडून मोठे रूळ आले, स्टेशन फर्लांगभर वर सरकलं, आणि मालधक्क्याला कुलूप लागलं ते लागलंच. आत कबुतरं राहिली, ओट्यावर शेळ्या. दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका संस्थेनं तो रेल्वेकडून मागून घेतला. तिथं प्रदर्शनाचं दालन होणार होतं: चित्रं लागणार, जुनी अवजारं मांडणार, बचत गटांच्या बाया माल घेऊन बसणार. आणि आत शिरल्या शिरल्या त्या इमारतीचीच गोष्ट लोकांना दिसणार.

कुठला दरवाजा फुगतो आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं हे ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता. म्हणून मल्हारी रखवालदार झाला.

कामावर देखरेख करायला प्रांजली होती. जालन्याच्या मस्तगडातली पोरगी, वडलांचं भांड्यांचं दुकान, हिनं मात्र पुण्याला जाऊन जुन्या इमारती वाचवायचं शिक्षण घेतलेलं. रोज सकाळच्या गाडीनं यायची, डोक्याला ओढणी गुंडाळायची आणि भिंतींना कान लावून ठोकत बसायची.

"भिंतीला ताप आलाय का बघून राह्यली," पप्पू म्हणायचा. पप्पू जाफराबादचा रंगारी. बाहेरच्या कंपाउंडला चुना लावायचं काम त्याच्याकडं होतं. तो मल्हारीला मामा म्हणायचा आणि मल्हारीच्या डब्यातलं लोणचं न विचारता खायचा.

एक दिवस दक्षिणेच्या दरवाजासमोरचं जाळंजळमट काढताना प्रांजली ओरडलीच.

"काका, इकडे या. हे काय आहे?"

भिंतीच्या पिवळट गिलाव्यावर हात होते. माणसांचे. काळे, पंजा पसरलेले, कुणाचा वर, कुणाचा खाली. एकवीस काळे आणि एक तांबडा.

मल्हारी जागेवरच उभा राहिला. "हमालांचे हात हायेत."

"कोणी काढले?"

"काढले न्हाई. लावले." मग त्याला सांगावंच लागलं. टोळीत नवा हमाल आला, की त्याची एक परीक्षा असायची. ज्वारीचं शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचं आणि बैलगाडीपासून फळीवरून थेट मालडब्यात न्यायचं. मध्ये टेकायचं नाही. असं दहा वेळा. दहावं पोतं आत पडलं, की मुकादम त्याचा उजवा पंजा डांबरात बुडवायचा आणि भिंतीवर दाबायचा. त्या दिवसापासून तो टोळीतला.

"आणि साहेब लोक? त्यांना चालायचं हे?"

"कुटलं चालतंय? सरकारी भिंत खराब केली म्हनून अख्खी टोळी हाकलली असती." मल्हारी पहिल्यांदाच हसला. "तपासनीच्या आदल्या दिवशी आम्ही ह्याच भितीला पोत्यांची थप्पी लावायचो. पार वरपर्यंत. एका साहेबानं इचारलं, ही थप्पी कायम हितंच का? मी म्हनलं, साहेब, ह्या भितीला वल न्हाई."

प्रांजली टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. "म्हणजे तुम्ही वाचवलीत ही भिंत."

"पोत्यानी वाचवली," मल्हारी म्हणाला. पण त्याला बरं वाटलं.

"आणि हा लाल हात? ह्याची करंगळी अर्धीच आहे."

"तो भुजंगचा. डब्याच्या दारात करंगळी गेल्ती त्याची. त्याच्या येळंस डांबराचं पिंप वाळून दगड झाल्तं. मंग मीच बागेतल्या दगडांचा गेरू आनून दिला. तर काय म्हनला, 'माझ्या हाताला रंग तरी हाय. तुमचे सगळे कावळे.'"

भुजंग आता नव्हता. मालधक्का बंद झाल्यावर टोळी फुटली, तो शहागडला हायवेवर ट्रक भरायला गेला आणि एका उन्हाळ्यात तिथंच छातीत कळ येऊन गेला. त्याची बायको झुंबरबाई स्टेशनामागच्या वस्तीत एकटी राहायची. प्रांजली तिच्याकडं जाऊन आली.

"त्यांच्याकडं नवऱ्याचा एकही फोटो नाही, काका. काढायला जालन्याला जाऊ जाऊ म्हणता राहूनच गेलं. आणि हा हात त्यांनी कधी पाहिलाच नाही. बायकांना धक्क्यावर चढू देत नव्हते म्हणे?"

"न्हाई देत."

"मी त्यांना सांगितलंय, उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यात आधी तुम्ही आत यायचं. त्या म्हणाल्या, मी त्या हातावर हात ठेवून पाहीन." प्रांजलीनं भिंतीपुढं जमिनीवर खडूची रेघ मारली. "काका, ह्या रेघेच्या पलीकडं कोणी जायचं नाही. भिंतीला कोणी हात लावायचा नाही. तुमच्यावर सोपवते."

"बराबर," मल्हारी म्हणाला.

हे सगळं तिनं सांगितलं होतं आणि त्यानं ऐकलं होतं. पुढं जे झालं ते काही न कळून झालं नाही. मल्हारीला झोपेतून दचकवून उठवायचं ते हेच.

उद्घाटनाला महिना असताना एका दुपारी संस्थेच्या ऑफिसातून फोन आला. प्रांजली त्या दिवशी जालन्याहून आलीच नव्हती आणि पप्पू मेव्हण्याच्या लग्नाला जाफराबादला.

"उद्या अकराला रेल्वेचे मोठे साहेब येताहेत. सगळं चकाचक ठेवा, काका."

"आतलंबी?"

"सगळं म्हणजे सगळं."

फोन ठेवला आणि मल्हारीचा हात वळला. तो आत आला. दक्षिणेच्या दरवाजातून उन्हाचा पट्टा थेट त्या भिंतीवर पडला होता. साहेब ह्याच दारातून येणार. आल्या आल्या समोर बावीस घाणेरडे पंजे. विचारणार, हे काय आहे? ही पोरगी बिचारी भोळी, तिला साहेब लोक कुठं माहीत? सांगत बसेल कौतुकानं. आणि तो रजिस्टरवर काहीतरी लिहून जाईल. पोरीची नोकरी जाईल.

त्यानं आधी पोती शोधली. सवयच होती ती. सिमेंटच्या सात-आठ रिकाम्या गोण्या मिळाल्या. एकावर एक रचल्या, तर गुडघ्यापर्यंतसुद्धा आल्या नाहीत.

फोन खिशात होता. प्रांजलीनं स्वतःचा नंबर त्यात पहिल्याच बटणावर घालून दिला होता. एक बटण दाबायचं होतं. त्यानं दाबलं नाही. पोरीला कशाला घाबरवायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पातळ हात देऊ. डांबर कुठं जातंय? साहेब गेला, की ओल्या फडक्यानं पुसून घेऊ.

पप्पूचं चुन्याचं पिंप बाहेरच होतं. मल्हारी खडूची रेघ ओलांडून गेला. चपला मात्र रेघेच्या अलीकडं काढल्या, देवळात जाताना काढाव्यात तशा. सुरुवात डावीकडून केली. डावीकडं सगळ्यात पहिला हात भुजंगचा होता. बावीसात एकच हात गेरूचा, पाण्यानं सुटणारा, आणि तो गेरू त्यानंच आणून दिलेला. तरी ते त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं. गेलं म्हणजे कसं गेलं, हे त्याला आजही सांगता येत नाही. मनगटाला कुंचल्याची लय सापडली होती. वर-खाली, वर-खाली. खरं बोलायचं, तर त्याला फार छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तरुणच होते, चष्मा, साधा शर्ट. प्रांजली त्यांना ओट्यावरून चालवत आणत होती आणि तिचा आवाज पुढं पुढं धावत होता. "सर, बाकी सगळं नंतर. आधी ती भिंत बघा. त्या भिंतीसाठीच तर हे सगळं आहे."

मल्हारी दाराशी टोपी नीट करून उभा होता. 'त्या भिंतीसाठीच' हे त्यानं ऐकलं आणि नीट केलेली टोपी पुन्हा नीट केली.

प्रांजली आत आली आणि थांबली. भिंत शुभ्र होती. निळीची किंचित झाक, आणि ताज्या चुन्याचा वास.

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. शेवटी चांगल्या मनानं म्हणाले, "छान आहे. फार स्वच्छ काम. कोणी केलंय?"

छत्तीस वर्षांत एका साहेबानं हे विचारलं नव्हतं. मल्हारीचा पाय आपसूक अर्धा पुढं पडला. तेवढ्यात त्याला प्रांजलीचा चेहरा दिसला. पाय त्यानं परत घेतला.

साहेब गेल्यावर प्रांजली पप्पूवर तुटून पडली. तो नुकताच बसमधून उतरून आला होता, कपाळाला लग्नातला टिळा तसाच.

"तुला सांगितलं होतं ना? रेघ दिसली नाही तुला?"

"मॅडम, मी काल हितं नव्हतोच. जाफराबादला होतो."

"पिंप कोणाचं आहे?"

"पिंप माझंच हाय. पन मी न्हाई मारला."

"मग भिंतीनं स्वतः लावून घेतला?"

पप्पूनं आजूबाजूला पाहिलं. "मामा, तुम्ही तर होतात हितं. सांगा ना. मी होतो का?"

मल्हारी म्हणाला, "मी जेवायला घरी गेल्तो."

एवढंच म्हणाला. खोटं म्हणावं, तर ते खोटंही नव्हतं. तो जेवायला गेलाच होता. दुपारीच ऑफिसातून निरोप आला आणि पप्पूचं काम काढून घेतलं गेलं. त्यानं पिंप टेम्पोत चढवलं. जाताना मल्हारीला म्हणाला, "लोनचं ऱ्हाऊ द्या आता, मामा. तुम्हालाच पुरंल."

चुना पक्का धरायच्या आत काय वाचेल ते वाचवायला प्रांजलीनं पुण्याला कुणाला तरी फोन लावला आणि ओला कापूस घेऊन बसली. मल्हारीनं बादली धरली. एक एक बोट, हळूहळू. चुना वितळला, की खालून काळा पंजा वर यायचा, आणि प्रांजलीचा श्वास सुटायचा. "आला. हा पण आला. काका, पाणी बदला." एकवीस हात परत आले.

मग ती डावीकडं सरकली. कापूस फिरवला. पिळला. बादलीतलं पाणी गुलाबी झालं.

तिनं परत फिरवला. पाणी आणखी गुलाबी झालं आणि ओल्या चुन्यात नुसता मळकट डाग उरला. प्रांजलीनं हात थांबवला. बादली मल्हारीच्या हातात होती. लग्नघरच्या हळदीकुंकवाच्या पाण्यासारखं ते पाणी, आणि त्यात भुजंग. कुठं ओतावं त्याला कळेना. अंधार पडेपर्यंत तो ती बादली घेऊन ओट्यावर बसून राहिला. शेवटी लिंबाच्या बुंध्यात ओतली.

घरी जयवंताबाईनं ताट वाढलं.

"उजवा हात पाठीमागं कामून धरून ऱ्हायले? आता काय डाव्या हातानं जेवता?"

त्यानं हात पुढं घेतला. नखांच्या कडेला पांढरं होतं.

ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "चुना तुम्हीच मारला."

"कुनी सांगितलं?"

"कोन सांगंल? छत्तीस वर्सं तुमचे कपडे मीच धुतले. चुन्याचे शितोडे कुटं कुटं उडतेत, मला ठाव हाय. कालचा सदरा धुतला सकाळी." तिनं वाटीत आमटी ओतली. "आन त्या पप्पूला घालवलं म्हने."

"मी न्हाई घालवलं."

"मंग थांबवलं का?"

तो जेवला नाही. तिनंही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.

पुढचे दिवस मल्हारी रोज ठरवायचा, आज सांगू. प्रांजली सकाळी गाडीतून उतरायची, म्हणायची, "काका, चहा?" आणि त्याचं सांगणं चहाबरोबर गिळलं जायचं. झुंबरबाई वाटेत दिसली, की तो रूळ ओलांडून पलीकडून जायचा. एकदा तिनं लांबूनच हाक मारली, "मल्हारीभाऊ, नवं लुगडं घेतलं बरं का, तुमच्या परदर्शनासाठी." त्यानं ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भरभर चालत राहिला, जणू गाडी चुकत होती.

उद्घाटनाला चार दिवस राहिले. दुपारी प्रांजलीनं त्याला भिंतीपुढं बोलावलं. खाली गेरूची थाळी होती.

"काका, एक मदत कराल? भिंत सापडली तेव्हाच्या फोटोवरून मी मापं काढलीत. भुजंगकाकांचा पंजा आणि तुमचा पंजा जवळजवळ एकाच मापाचा आहे." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "करंगळी दुमडून धरायची. एकदाच दाबायचं. झुंबरआजींना कळणार नाही. मी खूप विचार केला. त्या नवं लुगडं घेऊन बसल्यात, त्यांना मी कोरी भिंत कशी दाखवू?"

मल्हारीनं थाळीत हात बुडवला. का बुडवला? तिनं सांगितलं म्हणून. आयुष्यभर कुणी सांगितलं, की त्यानं बुडवलाच होता. गेरू गार होता. त्यानं करंगळी दुमडली, पंजा वर नेला. भिंत वीतभर राहिली. मग बोटभर. भुजंगचा आवाज त्याला कानात ऐकू आला असं काही झालं नाही. त्याला फक्त त्याची दुमडलेली करंगळी दिसली. चांगली धडधाकट करंगळी, लपून बसलेली.

"काका?"

"माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

"फक्त एकदा…"

"मीच मारला चुना," मल्हारी म्हणाला. "पप्पू न्हाई. मी." आणि ती काही बोलायच्या आत तो ओट्यावरून खाली उतरला. हात धुवायचं त्याला सुचलं नाही.

वस्तीपर्यंतची वाट सगळ्यांच्या दारांवरून जायची. कुणी विचारलं, "मल्हारीआबा, कुटल्या देवाला गेल्ते?" कुणी म्हणालं, "हात कापला का काय?" गेरू मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आला होता.

झुंबरबाई दारात वाकळ शिवत बसली होती. तिनं आधी हात पाहिला, मग त्याचं तोंड.

"बसा, भाऊ. पानी देऊ?"

"नको. आधी ऐका. तुमच्या मालकाचा हात हाय ना भितीवर…"

"हं."

"तो आता न्हाई."

सुई थांबली.

त्यानं सगळं सांगितलं. फोन आला तो, गोण्या कमी पडल्या ते, बटण दाबलं नाही ते, चपला काढल्या ते, पाणी गुलाबी झालं ते. पप्पूचंही सांगितलं. आता खोटा हात लावायला निघालो होतो, हेही सांगितलं. सांगताना त्यानं एकदाही 'चूक झाली' म्हटलं नाही; तेवढ्यानं भागेल असं वाटलं नाही.

झुंबरबाईनं त्याच्या पंजाकडं पाहिलं. मग म्हणाली, "तवा गेरू तुम्हीच दिल्ता ना?"

"मीच."

"त्या दिशी घरी आल्ता तवा त्याचा असाच हात व्हता. धू म्हनलं, तर धुवंना. तसाच जेवायला बसला. भाकरी तांबडी झाल्ती सगळी." तिनं वाकळ बाजूला सारली. "चला. मला दावा, कुटं व्हता."

ती पुढं, तो मागं. नवं लुगडं नेसायला ती थांबली नाही. मालधक्क्याच्या ओट्याला पायऱ्या नव्हत्या, चढायला फळी होती, हमालांची असायची तशीच. झुंबरबाई फळीवरून चढली. मल्हारीनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही.

प्रांजली खडूच्या रेघेजवळ बसली होती. उठून उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. मल्हारीकडं तिनं पाहिलं नाही.

झुंबरबाई त्या एकवीस हातांपुढून सावकाश चालत गेली. डावीकडं थांबली. तिथं चुन्याचा चौकोनी तुकडा तेवढा वाळून पांढरा राहिला होता. त्या दिवसानंतर प्रांजलीनं त्याला कापूस लावला नव्हता.

"हितं?"

"थोडं वर."

तिनं पंजा वर नेला.

"आजून चार बोटं. उंच व्हता तो."

तिला टाचा उचलाव्या लागल्या. हात टेकला. ती तशीच उभी राहिली, टाचा उचलून, पाय थरथरेपर्यंत. खाली उतरली तेव्हा तळहात पांढरा झाला होता. तिनं तो पदराला पुसला नाही.

"आजी," प्रांजली म्हणाली, "माझंही चुकलं. मी तुम्हाला दुसऱ्याचा हात दाखवणार होते."

"कळला असता मला," झुंबरबाई म्हणाली. "त्याची आंगठ्याजवळची दोन बोटं चिकटून बसायची, पोत्याच्या दोरीनं. ती काय फोटोत मापता येतेत?" मग ती मल्हारीकडं वळली. "भाऊ, तुम्हाला माफ केलं म्हनू का मी?"

"नका म्हनू."

"न्हाईच म्हनत." तिनं पांढऱ्या जागेकडं बोट केलं. "हे असंच ठिवायचं. परत रंग न्हाई, काय न्हाई. आन जो कोनी येईल, त्याला हितं उभं राहून तुम्ही सांगायचं. कोनाचा हात व्हता, आन कसा गेला. पाटी लावायची न्हाई. तुम्हीच सांगायचं. तोंडानं."

"बरं."

"सगळ्यांला. साहेब आला तरी."

"साहेब आला तरी," मल्हारी म्हणाला.

त्याच संध्याकाळी प्रांजलीनं पप्पूला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं "हो, हो, खरंय" म्हणत राहिली. दोन दिवसांनी पप्पू पिंप घेऊन परत आला. दुपारी मल्हारीचा डबा उघडला, लोणचं उचललं, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाला, "जेवायला घरी गेल्ते म्हने." दुसरी फोड घेतली. "मंग, काय जेवले त्या दिवशी?" हा प्रश्न तो अजूनही विचारतो. मल्हारी डबा त्याच्याकडं सरकवतो.

दालन उघडून आता वर्ष होत आलंय. परतूरच्या शाळांच्या सहली येतात, जालन्याहून नवराबायका येतात, सेल्फी काढतात. मल्हारी खडूच्या रेघेशी उभा असतो. रेघ रोज सकाळी तोच मारतो. हातांची गोष्ट सांगितली, की पोरं हमखास विचारतात, "आणि इथं का पांढरं आहे?" मग त्याला सांगावं लागतं. पहिले काही महिने तो जमिनीकडं बघून सांगायचा. जयवंताबाई एकदा मुद्दाम ऐकायला आली आणि घरी गेल्यावर इतकंच म्हणाली, "आवाज खाली पडतो तुमचा, चपला काढल्याच्या तिथं." त्या रात्री ताट झाकून ठेवावं लागलं नाही.

दर मंगळवारी बाजार असतो. बाजार करून झुंबरबाई येते, फळीवरून चढते, ओट्यावर पिशवी ठेवून बसते आणि ऐकते. तिच्यासाठी पायऱ्या करू म्हणून प्रांजली मागं लागली होती, ती नको म्हणाली.

परवाच्या मंगळवारी शाळेच्या सहलीला उशीर झाला होता. ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवत होता, गुरुजी घड्याळ बघत होते. मल्हारीनं घाईघाईत उरकलं. "हितं भुजंग नावाच्या हमालाचा हात व्हता. तो चुन्यात गेला. चला, पुढं…"

ओट्यावरून खोकला आला.

मल्हारी थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पोरंही थांबली.

"कोनी मारला चुना, ते ऱ्हायलं," झुंबरबाई म्हणाली. "आन सावकाश सांगा. गाडी थांबती."

मल्हारीनं टोपी काढली, परत घातली आणि भुजंगच्या हातापासून पुन्हा सुरुवात केली.